डाळ मिलची पाठवणी

नेपाळला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पशुपतिनाथ झालं का?" नाही झालं. काठमांडूही पाहिलं नाही, आणि बर्फाचे डोंगर होते ते ढगांनी झाकून ठेवले होते. मी गेले होते एक डाळ मिल पोचवायला. त्या निमित्तानं जे पाहिलं ते सहलवाले दाखवत नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. नवरा विक्री आणि कागदपत्रं बघतो, मी यंत्रं बघते. पाहुण्यांना हे उलटं वाटतं, आम्हाला सोयीचं वाटतं. आम्ही कपाटाएवढी डाळ मिल बनवतो. वरच्या चाडीत मसूर, तूर, मूग काय असेल ते ओतायचं; खाली एका तोंडातून डाळ पडते, दुसऱ्यातून चुनी, म्हणजे टरफलं आणि भुगा.

मागच्या हिवाळ्यात आपल्या इथल्या कृषी प्रदर्शनात नेपाळच्या बायकांचा एक गट आला होता. त्यांच्यातल्या साबित्री दिदी आमच्या स्टॉलवरून हलेनात. बुटवलजवळच्या त्यांच्या गावात मसूर उदंड पिकतो. व्यापारी तो अख्खा उचलून नेतो, आणि वर्षभर ह्याच बायका त्याच्याच दुकानातून डाळ विकत आणतात. "अपनी ही दाल," दिदी म्हणाल्या आणि हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. गटानं मिल घ्यायची ठरवली. अट एकच होती. मसूर निघाला की चैत्रात एका सोमवारी व्यापाऱ्याचा ट्रक येतो, त्याच्या आत मिल फिरली पाहिजे. गटातल्या निम्म्या बायकांचा ह्या बेतावर भरवसा नव्हता. सोमवारी मिल दिसली नाही तर त्या माल विकून मोकळ्या होणार, आणि दिदींनी चार वर्षं राबून बांधलेला गट तिथंच मोडणार.

मी शब्द देऊन बसले. शब्द देताना नेपाळ किती लांब आहे हे मात्र नकाशात पाहिलं नव्हतं.

शहागंज

परदेशी माल धाडणारे अन्सारीभाई आमच्याच शहरात, शहागंजात एका कापडदुकानाच्या माडीवर बसतात. जिना इतका अरुंद की इथून माणूस वर जातो हेच नवल, माल जगभर कसा जातो कोण जाणे. त्यांनी चहा मागवला आणि तीन बोटं उभी केली.

"मॅडम, तीन रस्ते हैं. आसमान का, पानी का, जमीन का. तीनों का मिजाज अलग."

मी म्हटलं, सगळ्यात लवकर कोणता, तेवढं सांगा. ते म्हणाले, "ऐसा नक्को पूछो. माल कौनसा, वो पूछो पहले. मुंबई जाके आँखों से देख के आओ, फिर बोलो."

मला कुणी असं सांगितलं की राग येतो. पण गेले, आणि बरं झालं गेले.

मुंबई

विमानाच्या मालाची गोदामं सहारला आहेत. तिथं पाहिलं तर आंब्याच्या पेट्या, औषधांचे खोके, परिटानं बांधल्यासारखे नीट कापडाचे गठ्ठे, सगळी हलकी, नाजूक, घाईची मंडळी. तिथल्या माणसानं आमच्या खोक्याची मापं वाचली आणि विचारलं, आडवं करता येईल का? काठमांडूला जाणाऱ्या विमानाचं पोट बुटकं असतं, उभी मिल त्या दारातून शिरत नाही. आडवी केली तर गिअरबॉक्समधलं तेल रोलरवर उतरतं. मग तो म्हणाला, सुटी करून धाडा. सुटी करून धाडली तर जोडायला मीच जाणार, मग मिल विमानानं कशाला, माझंच तिकीट काढते की! शिवाय विमानवाले नुसतं वजन मोजत नाहीत, खोक्यानं अडवलेली जागाही मोजतात. आमची मिल आत बरीच पोकळ आहे. पोकळीचं भाडं भरायला माझं मन तयार होईना.

दुसऱ्या दिवशी न्हावा शेवाला गेले. समुद्र बघायला मिळेल म्हणून साडीही जरा बरी नेसले होते. समुद्र कसला, डब्यांची भिंत! लाल, निळे, मातकट कंटेनर एकावर एक, आणि त्यांच्या फटीतून चिमूटभर पाणी. तिथल्या कचेरीतल्या बाई फार गोड बोलल्या. एका मिलसाठी अख्खा कंटेनर लागत नाही, चार जणांचा माल एकत्र भरतात, त्यात तुमचा खोका बसेल. फक्त चौघांचा माल जमेपर्यंत थांबायचं. मग जहाज दक्षिणेला उतरणार, लंकेला वळसा घालून कोलकात्याला जाणार, तिथून रेल्वेनं बिहारच्या कडेला, तिथून पुन्हा ट्रक. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो ह्याहून वेगळा काय असतो? पन्नास मिल असत्या आणि हातात पावसाळ्यापर्यंत वेळ असता तर मी हाच रस्ता धरला असता. समुद्र मोठ्या, सोशिक मालासाठी आहे. आमची मिल दणकट होती, पण एकटी होती, आणि तिला सोमवार गाठायचा होता.

परत येऊन अन्सारीभाईंना म्हटलं, "जमीन."

"हौ ना, मैं तो जानताच था," ते म्हणाले. मग आधीच का नाही सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाले, "आप मानते नहीं थे."

पाठवणी

खोक्याच्या लाकडावरून अन्सारीभाईंनी आमचा जीव खाल्ला. परदेशी जाणारं लाकूड भट्टीत तापवून, शिक्का मारूनच लागतं, म्हणजे आतली कीड मरते. तसलं लाकूड आणलं. प्रत्येक फळीवरचा शिक्का त्यांनी स्वतः येऊन पाहिला.

खोका ठोकायच्या आधी शेवंताबाई पुढे आल्या. ह्या आमच्या पॅकिंगच्या प्रमुख. गंगापूरच्या, वर्कशॉप सुरू झालं तेव्हापासूनच्या. आमच्याकडची कुठलीही मिल रिकामी बाहेर पडत नाही. चाडीत शेवंताबाई तिची ओटी भरतात: तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ, वर खण. यवतमाळ-अकोल्याची गिऱ्हाईकं तर आधी ओटी काढून देवापुढे ठेवतात, मग मिल चालू करतात.

"आजवर साऱ्या पोरी जवळपास दिल्या," शेवंताबाई म्हणाल्या. "ही पहिली परमुलखात चालली. हिला दोन मुठी जास्ती घालते."

पाचाच्या जागी सात मुठी पडल्या. खणाचं एक टोक मी धरलं होतं. सगळ्या बायकांनी हळदीकुंकू वाहिलं, एकीनं डोळेही पुसले, आणि खोका बंद झाला. थोड्या वेळानं अन्सारीभाईंचा फोन आला, "डिब्बे में मशीन के सिवा कुछ नहीं ना?" मी म्हटलं, काही नाही. मी खोटं बोलले नाही. ओटी म्हणजे माल, असं माझ्याच काय, आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

रस्ता

ट्रक बाबूरावांचा. हे पिशोरचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. मिल बसवून द्यायला मला जायचंच होतं, म्हणून मी त्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसले. समृद्धी महामार्ग गुळगुळीत आहे आणि तितकाच कंटाळवाणा. नागपूरपर्यंत आम्ही दोघं मिळून दहा वाक्यं बोललो असू.

मजा नागपूर सोडल्यावर. पेंचच्या जंगलात पळस पेटलेला होता, आणि मोहाच्या झाडांखाली सकाळीच बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. ट्रक थांबवून मी एक फूल तोंडात टाकलं. गोड, आणि थोडं उग्र. नर्मदेच्या पुलावर बाबूरावांनी गाडी जरा हळू घेतली. जबलपूरला खव्याची जिलेबी खाल्ली. काळी, जड, एकीतच माणूस गार. बाबूरावांनी दोन खाल्ल्या. पुढे उत्तर प्रदेशात नजर जाईल तिथवर गहू. आपल्याकडं कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या असतात त्या दिवसांत तिकडं सोनं सांडलेलं असतं, हे बघून मला थोडा मत्सर वाटला. गोरखपूरच्या अलीकडे लिट्टी-चोखा मिळाला. बाबूराव एक घास खाऊन म्हणाले, "ताई, भाकरीच हाय की ही. नुसती गोल वळलेली."

शुक्रवारी दुपारी सोनौलीची सीमा आली. सीमा म्हणजे एक कमान. सायकली, रिक्षा, पिशव्या घेतलेल्या बायका अशा काही ये-जा करत होत्या की मधे दुसरा देश आहे ह्यावर विश्वास बसू नये.

भन्सार

कस्टमला तिकडं भन्सार म्हणतात. आवारात खोका उघडला, आणि पिकांची तपासणी करणारे ढकाल साहेब शिडीवर चढले. शांत, चष्म्यातले गृहस्थ. त्यांनी चाडीत हात घातला आणि मूठ बाहेर काढून माझ्यापुढे उघडली.

"दीदी, यह क्या है?"

तांदूळ. कुंकवानं गुलाबी झालेले.

मी समजावून सांगायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग तितक्याच शांतपणे म्हणाले की परदेशी धान्याला रोगकीड नसल्याचा दाखला लागतो. खोक्याच्या फळीफळीला शिक्का आहे, आतल्या धान्याला मात्र नाही. सगळा दाणा न् दाणा बाहेर काढून इथल्या खड्ड्यात जाळायचा, तोवर मिल हलणार नाही.

"जाळायची? ओटी?" माझा आवाज चढला. बाबूराव मागून म्हणाले, "ताई, सबुरीनं." पण मला शेवंताबाईंचे हात दिसत होते. मी म्हटलं, वाटेल ते करा, ती आगीत जायची नाही. ढकाल साहेबांनी कमानीकडं बोट केलं. "तो जहाँ से आई है, वहाँ वापस ले जाइए. पर एक दाना भी इधर नहीं रहना चाहिए."

मी पाना काढेपर्यंत कचेरी बंद व्हायला लागली. माझ्या घड्याळात अजून वेळ होता, पण नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढं असतं. आणि उद्या शनिवार, त्यांची आठवड्याची सुट्टी. दिदींना फोन केला. त्या म्हणाल्या, "इतवार को खुलेगा. मैं आऊँगी."

रविवार! आपल्याकडं रविवार म्हणजे कुलूप. तिथं तो आठवड्याचा पहिला दिवस. एवढ्या आधारावर त्या रात्री कमानीच्या अलीकडच्या लॉजवर मला झोप लागली.

लुंबिनी

शनिवारी करायला काहीच नव्हतं. सकाळी बाबूराव पांढरा सदरा घालून आले. "ताई, हितून लुंबिनी जवळच हाय म्हणं. जाऊन येऊ का?" तीन दिवसांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. मग मीही बरोबर निघाले.

बुद्धांच्या जन्मस्थानी मोठी शांतता आहे. नाना देशांचे लोक, पण आवाज कुणाचा नाही. आपल्याकडच्या देवळांत घंटा वाजवल्याशिवाय आपण आल्याचं देवाला कळत नाही, असं आपल्याला वाटतं. इथं चपलांचाही आवाज नको वाटला. बाबूराव अशोकस्तंभापाशी हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी पिशोरला आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारी आधी लेकाचाच चेहरा बघत बसली. मग म्हणाली, "बाबू, जरा खाली धर रे. जमीन दाखीव."

त्यांनी फोन जमिनीकडं धरला. ते रडत होते, आणि लपवतही नव्हते. मीही लपवलं नाही.

निघताना ते वाकले, चिमूटभर माती उचलली, आणि माझ्याकडं बघून थबकले. "हिलाबी कागद लागंल, नाय का?"

"लागेल," मी म्हटलं. त्यांनी माती होती तिथं ठेवली आणि ती बोटं कपाळाला लावली.

दाणा न् दाणा

रविवारी कचेरी उघडायच्या आधीच साबित्री दिदी फाटकात उभ्या होत्या. मिठी मारली, आणि लगेच बाह्या सरसावल्या.

वरचे तांदूळ निघायला वेळ लागला नाही. पण दीड हजार किलोमीटरच्या हादऱ्यांनी बरेच दाणे खाली, दगडी रोलर आणि जाळीच्या मधे जाऊन बसले होते. जाळी काढली, पट्टा काढला, शेवटी रोलरही उचलून बाहेर ठेवावा लागला. मी नवी कोरी मिल पाठवली होती आणि परक्या आवारात तिचा सांगाडा करून बसले होते. दिदी ब्रशनं दाणे झाडत होत्या, मी पदरात गोळा करत होते, ढकाल साहेब बॅटरी मारून कोपरे दाखवत होते.

दिदींनी हळकुंड हातात घेऊन बघितलं आणि काय ते त्यांना उमगलं. "यह तो कोसेली है!" तिकडं लेक माहेरी-सासरी निघाली की हातात खाऊ देतात, तिला रिकामी जाऊ देत नाहीत. त्यांनी ढकाल साहेबांना त्यांच्या भाषेत काहीतरी झपाट्यानं सुनावलं. साहेब हसले.

"कोसेली को भी कागज लगता है, दिदी."

पदराची गाठ मारून मी चालत कमानीकडं निघाले. आपल्या बाजूच्या जवानानं विचारलं, क्या ले जा रही हैं? माझ्याकडं दुसरा शब्दच नव्हता. म्हटलं, ओटी. गाठ सोडून दाखवली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ, खण बघून तो एकदम घरचा झाला. "अच्छा, खोंइछा!" म्हणाला. त्याच्या गावी, बिहारात, लेकीच्या पदरात हेच बांधतात. पण मग त्यानं विचारलं, "वापस क्यों ला रही हैं?" मी गाठ पुन्हा बांधली. ओटी लॉजच्या खोलीत उशीशी ठेवली आणि परत सीमा ओलांडली. मिल रिकामी जाणार, ह्याचं मला खरंच वाईट वाटत होतं.

सगळं पुन्हा जोडून झालं. ढकाल साहेबांनी बॅटरी फिरवली, सही केली, आणि उन्हं उतरताना ट्रक सुटला.

बुटवल

बुटवलला सपाटी अचानक संपते आणि डोंगर उभाच्या उभा राहतो. दिदींचं गाव त्याच्या पायथ्याशी. सोमवारी सकाळी मी मिल समतल करत होते, तेवढ्यात व्यापाऱ्याचा ट्रक आलाच. तो खाली उतरला नाही, दार उघडून तिथूनच बघत राहिला. दोन-तीन बायका आपली पोती ओढत त्याच्याकडं निघाल्या होत्या.

मी बटणाकडं हात नेला तर दिदींनी तो धरला. चाडीत कुंकवाचा डाग अजून होता. त्यांनी आपल्या मसुराची मूठ त्यात टाकली. मग दुसऱ्या बाईनं टाकली, मग तिसरीनं. पोतं ओढणारी एक थांबली, पोत्याचं तोंड सोडलं आणि तिनंही मूठ टाकली. मग दिदी म्हणाल्या, "अब चलाइए."

मिल घरघरली. आधी टरफलं उडाली, आणि मग खालून केशरी डाळ पडायला लागली. ती पसाभर झाली तेव्हा व्यापारी खाली उतरला. चिमूट उचलली, उजेडात धरली, आणि दिदींना भाव विचारला. आजवर भाव तोच सांगत आला होता. दिदींनी माझ्याकडं पाहिलं, मग गटातल्या बायकांकडं, आणि त्याला म्हणाल्या, "भोलि." म्हणजे उद्या या.

तो रिकामा ट्रक घेऊन गेला. बायका इतक्या हसल्या की डाळ सांडली.

निघताना दिदींनी त्याच डाळीचं वरण करून पितळी डब्यात घालून दिलं. देताना डावा हात उजव्या कोपराला लावून दिलं, तिकडं मानानं द्यायची ती रीत. "पका हुआ है, कागज नहीं लगेगा," म्हणाल्या. सोनौलीला लॉजच्या मागच्या अंगणात बाबूरावांनी ट्रकमधला स्टोव्ह पेटवला. मी ओटीतले तांदूळ धुतले. शेवंताबाईंचे तांदूळ आणि बुटवलची डाळ. वरण-भात मी आयुष्यभर खात आले, पण तसा पुन्हा खायला मिळेल असं वाटत नाही.

चिकलठाणा

वर्कशॉपच्या दारातच शेवंताबाईंनी विचारलं, "ओटी पोचली का, ताई?"

नाही पोचली, म्हटलं. सगळंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी पोर रिकामीच गेली."

"तिथं गेल्यावर भरली. त्या बायकांनी भरली."

मी पितळी डबा त्यांच्या हातात दिला. घासला होता, तरी उघडून त्यांनी वास घेतला.

"ह्यो रिकामा कसा धाडायचा?"

"तेच अन्सारीभाईंना विचारलं. ते म्हणतात, हा विमानाच्या पोटात मावेल. पण आत काय घालाल त्याला कागद लागेल."

"दुसरी मिल कधी जायची हाय?"

दिदींच्या शेजारच्या गावाचं विचारणं आलं होतं. म्हटलं, दिवाळीनंतर, जमिनीनंच.

शेवंताबाईंनी डबा पदराखाली धरला. गंगापूर आणि चिकलठाणा ह्यांच्यापलीकडं ही बाई कधी गेलेली नाही.

"मंग म्या येते संगं. तांदूळ तिथलेच घिऊ, नारळबी तिथलाच. भरणारे हात माझे. हाताला तर कागद लागत नाय ना, ताई?"

"नाही लागत," मी म्हणाले.